काऊचं घर तारेचं

मागच्या दाराची पायरी, चहाचा कप, मुलाची गणिताची चौकटीची वही आणि एक पेन्सिल. गेल्या वर्षी जानेवारीपासून माझी सकाळ अशी सुरू व्हायला लागली. वहीत घराचा नकाशा काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. एक चौकट म्हणजे अर्धा फूट. मी आर्ट्‌सची पदवीधर, भूमितीशी दहावीतच फारकत घेतलेली. त्यामुळे संडासाचं दार उघडलं की ते थेट वॉशबेसिनला धडकतंय, एवढं कळायलाच तीन पानं खर्ची पडली. आणि माझा हा उद्योग समोरच्या दगडी डोणीच्या काठावर बसून, मान वाकडी करून बघत असायचे ते दोघं. कावळे!

आमचं घर साताऱ्यात, जुन्या पेठेतलं. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे परस. परसात रायवळ आंबा, कढीपत्ता, तुळस, धुणं धुवायचा दगड आणि अगदी टोकाला, मागच्या भिंतीला टेकून संडास. मागच्या दारापासून मोजून बावीस पावलं. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही. पावसात छत्री, रात्री बॅटरी. लग्न होऊन आल्यावर पहिले चार दिवस अवघड गेलं, मग अंगवळणी पडलं.

पण जानेवारीतल्या त्या रात्री अडीच वाजता सासूबाई उठल्या. वय अठ्ठ्याहत्तर. कोणाची झोप मोडायला नको म्हणून दिवा न लावता निघाल्या आणि दवानं ओल्या झालेल्या शहाबादी फरशीवर घसरल्या. मनगट मोडलं. खुब्याचं हाड वाचलं, हे नशीब. आम्हाला जाग आली ती त्यांच्या हाकेनं नाही, कारण त्यांनी हाक मारलीच नव्हती. उंबऱ्याशी बसून, हात पोटाशी धरून त्या उजाडायची वाट बघत होत्या. "तुम्हाला कशाला उठवायचं एवढ्या थंडीत," म्हणाल्या.

मैत्रिणींनो, मला ती गोष्ट फार लागली. त्याला कारण आहे. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होते. एन.एस.एस.च्या शिबिरात आम्ही मुलींनी खेड्यात शोषखड्डे खणले होते. पुढे बचत गटांचं काम करायला लागले, २०१४ नंतर स्वच्छ भारतच्या वेळी वाड्यावस्त्यांवर हिंडले. बायकांपुढे उभी राहून मी किती वेळा बोलले असेन, की घरातल्या म्हाताऱ्या माणसानं रात्री अंधारात बाहेर जायचं, हे आपल्याला शोभतं का? सासूबाईंचा हात प्लॅस्टरमध्ये असल्याचं कळल्यावर आमच्या गटातल्या दोघी-तिघी भेटायला आल्या. एकीनं परसात नजर टाकली आणि अगदी सहज विचारलं, "ताई, तुमच्यात आत न्हाय व्हय?"

काय उत्तर देणार! चहा करायला आत पळाले.

शिवाय एक वचनही होतं. माझे सासरे २०१७ मध्ये गेले. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर दहावा केला. पिंड मांडले, सगळे लांब जाऊन उभे राहिले, आणि कावळा काही शिवेना. झाडावर वीस-पंचवीस तरी असतील. येत होते, बघत होते, परत फिरत होते. मग सुरू झालं ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असेल. नातवाचं शिक्षण करू, शेत विकणार नाही, धाकट्या आत्यांना अंतर देणार नाही... एकेक जण हात जोडून सांगत होता. तास झाला. ऊन वाढलं. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू. तेव्हा आमचे हे पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "आईची रात्रीची सोय घरात करीन." लगेच एक कावळा उतरला.

मला विचाराल, तर घाटावर एकाच सकाळी चार-पाच पिंड असतात, कावळ्यांची पोटं भरलेली असतात, भूक लागली की ते येतात. पण ह्यांनी ते वाक्य म्हणायला आणि तो उतरायला एकच गाठ पडली, हे मी पाहिलंय. आणि वचन दिलं ते दिलंच. त्यानंतर मुलीच्या इंजिनिअरिंगची फी आली, २०२० चा करोना आला, सोप्याची कौलं बदलावी लागली. दरवर्षी पितृपक्षात परसात पान ठेवताना मी कावळ्याच्या नजरेला नजर देत नव्हते. हसू नका, खरंच!

तर यंदा काही झालं तरी करायचंच, असं ठरलं. ह्यांच्या शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, जे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, "एवढं काम काढतोच आहोत, तर..." तर स्वयंपाकघरही सहा फूट मागे वाढवू. आमचं स्वयंपाकघर आठ बाय दहाचं. दोघी उभ्या राहिलो, तर तिसरीनं फ्रीज उघडायचा नाही. वीस वर्षं मी पिठाच्या डब्यावर रव्याचा डबा आणि त्यावर पोह्यांचा डबा असा मनोरा रचत आले आहे. मला ग्रॅनाइटचा एल आकाराचा ओटा हवा होता, खाली ट्रॉल्या हव्या होत्या आणि सिंकसमोर मोठी खिडकी. परसाकडे उघडणारी.

नकाशा काढता काढता कावळ्यांची ओळख होत गेली. तोवर कावळा म्हणजे कावळा, दिसला की हुसकायचा! आता बघायला लागले, तेव्हा कळलं की परसात येणारे दोन जातींचे आहेत. मानेभोवती राखाडी शाल गुंडाळल्यासारखा दिसतो तो गावकावळा, आणि सबंध काळा, जाड चोचीचा, घोगऱ्या आवाजाचा तो डोमकावळा. डोमकावळा कधीमधी येणारा पाहुणा. आमची जोडी गावकावळ्यांची. त्यातल्या एकाचं डाव्या पायाचं एक बोट वाकडं आहे, त्यामुळे तो ओळखू येतो. सासूबाई त्याला 'लंगडोबा' म्हणतात.

हा लंगडोबा शिळी भाकरी तशी कधीच खात नाही. तुकडा उचलून डोणीवर नेतो, पाण्यात बुडवतो, थोडा वेळ थांबतो आणि मऊ झाला की खातो. दात पडलेल्या सासूबाईही भाकरी आमटीत अशीच कुस्करतात. त्यांनीच ते साम्य मला दाखवलं, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून कितीतरी वेळ हसत होतो. जास्तीचा तुकडा तो फेकून देत नाही. कुंडीच्या मागे खोचून ठेवतो, वर एक वाळकं पान ओढतो आणि मग कोणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहतो. मी बघतेय असं दिसलं की तुकडा काढून दुसरीकडे नेतो. अगदी आमच्या एका चुलत सासूबाईंची आठवण येते. (त्या आता नाहीत, आणि असत्या तरी पुरवणी वाचत नव्हत्या.)

आर. के. लक्ष्मण यांना कावळ्यांचं वेड होतं, त्यांनी आयुष्यभर कावळ्यांची चित्रं काढली, हे मी पूर्वी वाचलं होतं. तेव्हा वाटलं होतं, एवढा मोठा चित्रकार, मोर-पोपट सोडून कावळा काय काढतो! आता पटतं. मोर एकदा पाहिला की पाहून झाला. कावळा रोज काहीतरी नवीन करतो.

लहानपणीच्या काऊ-चिऊच्या गोष्टीत मात्र त्याच्यावर अन्याय झालाय. काऊचं घर शेणाचं आणि ते पावसात वाहून गेलं म्हणे! आणि बाळाला आंघोळ घालायची, तीट लावायची अशी कारणं सांगत दार न उघडणारी ती चिऊ आपल्याला गुणाची वाटायची. कावळा शेणाचं घर कधीच बांधत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला ह्या दोघांनी आंब्याच्या बेचक्यात काड्या आणायला सुरुवात केली. शेजारी स्लॅबचं सेंट्रिंग चाललं होतं. सळया बांधायच्या बाइंडिंग तारेचे तुकडे तिथं पडलेले असायचे, ते उचलून उचलून ह्यांनी घरट्यात गुंफले. एकदा तर दोरीवरचा तारेचा हँगर ओढत नेला, माझ्या ब्लाउजसकट. ब्लाउज पडला, हँगर गेला. आतल्या अस्तरासाठी माझ्या काथ्याच्या घासणीचे धागे उपसले. आर.सी.सी. बांधकामच म्हणा ना! आमचा नकाशा वहीत सातव्यांदा खोडला जात होता आणि त्यांचं घर आठ-दहा दिवसांत उभंही राहिलं. ना आर्किटेक्ट, ना पतपेढी.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मिस्त्री आखणीला आले. लाइनदोरी लावली, चुन्यानं रेघा मारल्या आणि वर बघून म्हणाले, "वहिनी, ही फांदी काढावी लागंल. स्लॅबच्या मधीच येतीया." स्वयंपाकघराच्या वाढीव सहा फुटांवर आलेली तीच ती आडवी फांदी. त्यांनी तिला नुसता हात लावला मात्र, वरून लंगडोबा सुटला तो थेट त्यांच्या टोपीवर! टोपी डोणीत, मिस्त्री दारात.

मुलानं गच्चीवरून काठीला मोबाइल बांधून फोटो काढला. निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी.

आता आली का पंचाईत! मी हिशेब मांडला. अंडी उबायला सोळा-सतरा दिवस, पिल्लं उडायला त्यापुढे तीन-चार आठवडे. म्हणजे जून उजाडणार. साताऱ्यात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो. स्लॅब त्याआधी पडला नाही तर सगळं काम दिवाळीवर, आणि सासूबाईंनी अख्खा पावसाळा त्याच बावीस पावलांवरून ये-जा करायची.

घरात दोन तट पडले. मुलगा म्हणे, फांदी तोडायची नाही. हे म्हणाले, "माणूस महत्त्वाचा की कावळा?" कायदाही चर्चेत आला. शहरी भागात झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली नगरपालिकेची परवानगी लागते, म्हणून फांदीसाठीही आधी विचारून घ्यावं, असं मी म्हटलं. आणि कावळा? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. म्हणजे आता तोही इज्जतदार! पण खरं सांगू? माझ्या मनात कायदा नव्हता, कावळाही नव्हता. ओटा होता. फांदी काढली तरच माझं स्वयंपाकघर होणार होतं, आणि मी गप्प राहून ह्यांना बोलू देत होते. सासूबाईंचं नाव पुढे करून माझी ट्रॉली सरकवत होते.

तेव्हा सासूबाई बोलल्या. प्लॅस्टर निघालेला हात चोळत, अगदी साध्या आवाजात.

"ह्या दोघांचं घर मोडून माझं संडास नको बाई," त्या म्हणाल्या. मग आंब्याच्या अलीकडे, चुन्याच्या रेघेकडे बोट दाखवलं. तिथं जळण ठेवायची मोडकी पडवी होती, बाथरूमसाठी आम्ही ती जागा धरली होती. "मी चौदाव्या वर्षी न्हाती झाले, सोळाव्या वर्षी ह्या घरात आले. कावळा शिवला की चार दिवस त्या पडवीत. पोतं अंथरायला, ताट वेगळं, तांब्या वेगळा. पोरंबाळं जवळ यायची नाहीत, नणंदा लांबूनच बोलायच्या. माझ्याजवळ यायचा तो कावळाच. मी ताटातला घास टाकायची, तो हातभर अंतरावर येऊन खायचा. त्याला विटाळ नव्हता." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हणायचे, हिला कावळा शिवला. मला वाटायचं, शिवला तर शिवला, कोणीतरी शिवतंय ना!"

बावीस वर्षं मी त्यांची सून आहे. वस्तीवर मुलींना पाळीबद्दल सांगायला जाते, पोस्टर घेऊन. आमच्याच परसातल्या त्या पडवीत कोण बसायचं, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. जळणाची जागा, एवढंच धरून चालले होते.

ह्यांनी वही ओढून घेतली आणि स्वयंपाकघराच्या सहा फुटांवर काट मारली. "बाथरूम-संडास आत्ता. पडवीच्या जागी. तिथं फांदी येत नाही. स्वयंपाकघर दिवाळीनंतर." माझा चेहरा बघून म्हणाले, "नक्की." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू! त्या रात्री भांडी जरा जोरातच आपटली.

काम सुरू झालं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांच्यासाठी आम्ही शिकलो ते सांगते. दार बाहेर उघडणारं करा. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडकतं. उंबरा ठेवू नका, पाण्यासाठी जाळीकडे उतार द्या. फरशी खरखरीत घ्या, दुकानदार चकचकीत दाखवेल तिकडे बघू नका. कमोडच्या बाजूला आणि समोर धरायला स्टीलचे दांडे हवेत, आणि ते भिंत बांधतानाच कुठे येणार हे मिस्त्रींना सांगून ठेवा, म्हणजे पक्के बसतात. दिव्याचं एक बटण पलंगाशी हवं. कमोडला सासूबाईंचा विरोध होता. "खुर्चीवर बसून कसं व्हायचं?" आठ दिवस गेले, मग त्या विषयावर बोलणं बंद झालं, म्हणजे झालं!

कावळ्यांनी मिस्त्रींना मात्र माफ केलं नाही. इतर तीन गडी दिवसभर वावरायचे, त्यांना काही नाही. मिस्त्री दारात दिसले की दोघंही आंब्यावरून आरडाओरडा करत यायचे. टोपी बदलून पाहिली, उपरणं गुंडाळून पाहिलं, उपयोग शून्य. शेवटी ते डोक्यावर घमेलं पालथं घालून ओळंबा धरायचे. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी यावर प्रयोगच केला होता. एक मुखवटा घालून त्यांनी तिथले कावळे पकडून सोडले. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा कोणीही घालून फिरलं, तरी कावळे त्याच्यामागे ओरडत लागायचे. मी मिस्त्रींना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे माझं त्वांड लक्षात ऱ्हायलं म्हना की!"

मेच्या मध्याला घरट्यातून आवाज यायला लागले. दोघं जण दिवसभर चोचीतून आणून भरवायचे. मुलाचा मोबाइल पुन्हा काठीला बांधला गेला. फोटोत दोनच पिल्लं होती, आणि दोघांच्या रूपात फरक होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यातलं थोरलं फांदीवर येऊन बसलं तेव्हा उलगडा झाला. लांब शेपूट, वेगळीच चोच. कोकिळेचं पोर! एप्रिलमध्ये परसात कुहूकुहू चाललं होतं आणि आमची जोडी एका काळ्या कोकिळामागे धावत होती, तेव्हा पानांत ती ठिपक्याठिपक्यांची मादी दडून बसलेली मी पाहिली होती. छान, म्हटलं होतं, वसंत आला! तो वसंत असा आला होता.

म्हणजे माझा ग्रॅनाइटचा ओटा मी कोकिळेच्या पोरासाठी सोडला होता. सासूबाई तर हसून हसून दमल्या. "अगं, तुझ्या ओट्याचं जाऊ दे, त्या लंगडोबाचं बघ," म्हणाल्या. लंगडोबा त्या पोराच्या उघड्या चोचीत भिजवलेली भाकरी कोंबत होता. शेजारी त्याचं स्वतःचं पोर तोंड वासून पाळीची वाट बघत होतं. त्यालाही मिळत होतं, उशिरा, पण मिळत होतं. मला कीव आली की कौतुक वाटलं, सांगता येत नाही.

बाथरूम पावसाआधी चार दिवस पूर्ण झालं. आता रात्री दोन-अडीचला पलंगाजवळचं बटण वाजतं, उजेड होतो, पाण्याचा आवाज येतो, पुन्हा अंधार. मी जागी असले तर कूस बदलते. सासूबाईंना एकच तक्रार आहे, की आकाश दिसत नाही. पितृपक्षात ह्यांनी पान स्वतः नेऊन ठेवलं. लंगडोबा लगेच आला, वडा उचलला आणि डोणीवर भिजवायला घेऊन गेला.

दिवाळीनंतर काय झालं? मुलीची हॉस्टेलची फी वाढली, डिसेंबरात ह्यांच्या पुतणीचं लग्न निघालं, मग मार्च. पाडवा झाल्यावर मी हट्टानं मिस्त्रींना बोलावलं. वही नवीन, नकाशा नवीन, खिडकी आणखी मोठी. मिस्त्रींनी मागच्या दारातून डोकं बाहेर काढलं आणि आधी कोपऱ्यातलं घमेलं उचलून डोक्यावर घातलं. आंब्यावर गलका सुरू झाला होता. त्यांनी घमेल्याच्या कडेखालून वर बघितलं. बेचक्यात नव्या काड्या रचलेल्या होत्या आणि त्यातून तारेचं एक टोक उन्हात चमकत होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "यंदा बी उशीर झाला."